कब कॅडेट १०२: स्टार्टर-जनरेटर आणि रेग्युलेटरचं वायरिंग. सेल्फ दमतो, चार्जिंग शून्य

जुनं_लोखंड

इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट १०२, बागकामाचा छोटा ट्रॅक्टर, इंजिन कोहलर के-२४१, एक सिलिंडर, १० अश्वशक्ती. १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. डेल्को-रेमीचा पट्ट्यावर चालणारा स्टार्टर-जनरेटर, म्हणजे सेल्फ आणि डायनामो एकाच डब्यात. ट्रॅक्टर पूर्ण उघडून रंगवला आहे आणि वायरिंग नवीन टाकलं आहे. आत्ताची जोडणी अशी:

बॅटरी पॉझिटिव्ह → सोलेनॉइडचा (किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फला जाड करंट देणारा स्विच) एक जाड स्टड (६ गेज केबल)
सोलेनॉइडचा दुसरा जाड स्टड → जनरेटरचा A (आर्मेचर, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीचं टोक)
बॅटरीकडचा सोलेनॉइड स्टड → अँमीटर → किल्लीचा B (बॅटरीचं टोक) आणि रेग्युलेटरचा (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा डबा) BAT
रेग्युलेटरचा GEN → जनरेटरचा A (१२ गेज)
रेग्युलेटरचा F → जनरेटरचा F (फील्ड, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या स्थिर गुंडाळीचं टोक; १४ गेज)
बॅटरी निगेटिव्ह → इंजिन ब्लॉक

तक्रारी दोन. किल्ली फिरवली की सेल्फ घुरघुरतो, कंप्रेशनपाशी येऊन अडतो; प्लग काढला तर फिरतो, पण मरगळल्यासारखा. दुसरी, दोरीने इंजिन चालू केलं तर चार्जिंग अजिबात नाही, अँमीटरचा काटा शून्यापाशीच.

मोजमापं: बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.१ आणि A वर ९.८. इंजिन चालू असताना A वर १.४. सगळ्या वायरी काढून A ते F ७ ओहम. कार्बन (ब्रश) नवीन, ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर साफ.

जनरेटर खराब, रेग्युलेटर खराब, की दोन्ही? नवीन रेग्युलेटर मागवण्याआधी खात्री करायची आहे.

कार्बन_ब्रश

काही मागवू नका. तुमच्या आकड्यांवरून जनरेटर ठणठणीत दिसतोय.

बॅटरीवर १०.१ आणि A वर ९.८, म्हणजे सेल्फ मारताना केबल आणि सोलेनॉइड मिळून ०.३ व्होल्टच खाताहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, तेव्हा जाड बाजू ठीक. A–F मध्ये ७ ओहम म्हणजे फील्डची गुंडाळी अखंड आहे, तुटलेली नाही आणि शॉर्टही नाही. चालू इंजिनावर A ला १.४ व्होल्ट येतात, ती लोखंडात शिल्लक राहिलेली चुंबकता. म्हणजे आर्मेचर वीज करतंय, कार्बन टेकताहेत. मात्र १.४ च्या वर काही चढत नाही, कारण फील्डमधून करंट जातच नाहीये.

आता दोन्ही तक्रारी एकत्र ठेवून बघा. या यंत्रात फील्डचं एक टोक आतल्या आत A च्या इन्सुलेटेड कार्बनला जोडलेलं असतं. दुसरं टोक F म्हणून बाहेर येतं आणि त्याला अर्थ रेग्युलेटरमधून मिळतो. सेल्फ म्हणून फिरताना करंटचा रस्ता असा: A, मग फील्ड, मग F, मग रेग्युलेटरचे मिटलेले पॉइंट (उघडमीट करणारे संपर्क), मग रेग्युलेटरचा पत्रा, मग अर्थ. डायनामो म्हणून चालताना फील्डचा रस्ता हाच. हा रस्ता कुठेही तुटला की फील्ड मेलं. बिनफील्डचा मोटर करंट भरपूर ओढतो आणि जोर काहीच देत नाही. सेल्फ दमतो ते त्याच कारणाने आणि चार्जिंग होत नाही तेही त्याच कारणाने. फॉल्ट एकच आहे.

दोन गोष्टी मोजा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून:
रेग्युलेटरवरची F ची वायर सोडवा. रेग्युलेटरच्या F पासून त्याच्याच पत्र्यापर्यंत किती ओहम?
त्याच F पासून इंजिन ब्लॉकपर्यंत किती?

मग निगेटिव्ह परत लावा, इग्निशन कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, गिअर न्यूट्रलला. जनरेटरच्या F स्टडवरची वायर काढून त्या स्टडपासून ब्लॉकपर्यंत एक जम्पर धरा आणि किल्ली फिरवा.

जुनं_लोखंड

F ते रेग्युलेटरचा पत्रा ०.३ ओहम. F ते ब्लॉक: मीटर काहीच दाखवत नाही, उघडं.

जम्पर धरून सेल्फ मारला तर एकदम जोरात फिरला, कंप्रेशन सहज ओलांडलं.

रेग्युलेटरच्या ब्रॅकेटला पावडर कोटिंग केलेलं आहे. स्क्रूखालीसुद्धा.

कार्बन_ब्रश

सापडलं मग. F ते पत्रा ०.३ म्हणजे आतले पॉइंट छान मिटलेले आहेत, रेग्युलेटर शाबूत आहे. पत्र्यापासून पुढे अर्थच नाही. कोटिंग म्हणजे प्लास्टिकच, ते वीज नेत नाही. रंगवलेल्या ट्रॅक्टरवर हा फॉल्ट सगळ्यात जास्त दिसतो आणि त्यात बिचारे चांगले रेग्युलेटर भंगारात जातात.

जम्पर जनरेटरच्या F ला लावून इंजिन चालू ठेवायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मग रेग्युलेटरचा ताबा सुटतो आणि व्होल्टेज वर चढत राहतं.

ठिणगी

वरचं सगळं बरोबर. पण रेग्युलेटर उघडून परत बसवला की पोलराइज करायला (डायनामोची चुंबकता योग्य दिशेला लावायला) विसरू नका. इंजिन बंद असताना BAT आणि GEN यांच्यात वायरचा तुकडा क्षणभर टेकवायचा, ठिणगी पडली की काढायचा. नाहीतर डायनामो उलट्या पोलॅरिटीने उठेल आणि कट-आऊटचे (डायनामो वीज देत नसताना त्याला बॅटरीपासून तोडणारा रेग्युलेटरमधला स्विच) पॉइंट जळतील.

बारा_व्होल्ट

साध्या डायनामोला हे लागतं. स्टार्टर-जनरेटरला लागत नाही.

पोलराइज करणं म्हणजे फील्डमधून योग्य दिशेने क्षणभर करंट सोडून लोखंडाला चुंबकता देणं. इथे प्रत्येक वेळी सेल्फ मारला की बॅटरीचा करंट A मधून फील्डमार्गे F कडे आणि तिथून अर्थला जातो, म्हणजे डायनामो चालताना जातो त्याच दिशेने. एक सेल्फ म्हणजे एक पोलरायझेशन, तेही क्षणभर नाही, दोन-तीन सेकंद.

BAT–GEN चा झटका दिला म्हणून बिघडत काही नाही. पण दुसऱ्या पद्धतीचा झटका कोणी दिला तर मात्र गडबड होते. काही डायनामोंना F ची वायर काढून ती बॅटरी पॉझिटिव्हला टेकवायची पद्धत आहे. ती त्या डायनामोंसाठी योग्य. इथे कोणी F ची वायर रेग्युलेटरवर तशीच ठेवून F ला पॉझिटिव्ह टेकवलं, तर बॅटरी, F, मिटलेले पॉइंट, अर्थ असा सरळ शॉर्ट होतो. मधे एकही ओहम नाही. पॉइंट तिथल्या तिथे चिकटतात.

ठिणगी

मान्य, हा शॉर्ट माझ्या लक्षात आला नव्हता. पण बॅटरी एकदा उलटी जोडली गेली असेल तर?

बारा_व्होल्ट

चांगला प्रश्न, कारण ही चूक कळतच नाही. शंट मोटरला (जिचं फील्ड आर्मेचरला समांतर जोडलेलं असतं तिला, ही तशीच) पुरवठा उलटा दिला तर आर्मेचर आणि फील्ड दोन्ही एकदम उलटतात, त्यामुळे सेल्फ त्याच दिशेने फिरतो. इंजिन सुरू होतं. अँमीटरचा काटा मात्र उलट्या बाजूला जातो, तेवढीच खूण. बॅटरी सुलट करून एकदा सेल्फ मारला की चुंबकताही सुलट होते. धोका एवढाच की उलट्या बॅटरीवर सेल्फ मारल्यानंतर बॅटरी सुलट केली आणि पुढचं इंजिन दोरीने सुरू केलं. तेव्हा डायनामो उणे व्होल्टेज करतो, आणि कट-आऊट मिटला तर बॅटरी आणि डायनामो सिरीजमध्ये येऊन २४-२५ व्होल्ट त्या पॉइंटवर पडतात. ते वेल्ड होतात.

जुनं_लोखंड

एका स्क्रूखालचं कोटिंग खरवडलं, खाली दातेरी वॉशर टाकला. सेल्फ आता झकास. चार्जिंगही आलं, पण जास्तच: मध्यम वेगावर बॅटरीच्या टोकांवर १५.६ व्होल्ट, खाली येतच नाही. इंजिन २० मिनिटं चालवलं. आता मात्र रेग्युलेटरच गेला ना?

कार्बन_ब्रश

अजून नाही. आधी मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (केबलच्या लगवर नाही, शिशाच्या खांबावर) आणि लाल प्रोब रेग्युलेटरच्या पत्र्यावर. इंजिन त्याच वेगावर. किती?

जुनं_लोखंड

१.२ व्होल्ट. जरा थरथरतंय, १.१ ते १.३.

कार्बन_ब्रश

१५.६ वजा १.२ म्हणजे १४.४. तुमचा रेग्युलेटर अगदी चोख १४.४ राखतोय. फक्त तो चुकीच्या ठिकाणापासून मोजतोय.

रेग्युलेटरमधली व्होल्टेजची कॉइल GEN आणि पत्रा यांच्यामध्ये असते. तिच्या दृष्टीने पत्रा म्हणजेच शून्य. तो पत्रा खऱ्या अर्थपेक्षा १.२ व्होल्ट वर उचलला गेला, तर कॉइलला १.२ व्होल्ट कमी दिसतं आणि ती बॅटरीला तेवढं जास्त देते. फील्डचा सगळा करंट याच पत्र्यातून अर्थला जातो. त्या एका खरवडलेल्या स्क्रूपाशी एखादा ओहम उरला असेल, एवढ्याने हे होतं. अर्थ पूर्ण तुटलेला असला तर चार्जिंग शून्य. अर्धवट असला तर चार्जिंग जास्त. दोन टोकांची लक्षणं आहेत, पण जागा तीच.

कव्हर उघडून स्प्रिंग वाकवायला जाऊ नका. आज १५.६ चं १४.३ करून ठेवाल आणि उद्या स्क्रू घट्ट केला की १३ वर येईल, बॅटरी कायम उपाशी राहील.

पक्कं काम असं. १२ गेजची वायर, दोन्ही टोकांना रिंग लग, क्रिंप करून वर उष्णतेने आकसणारी नळी. एक टोक रेग्युलेटरच्या बुडाच्या स्क्रूखाली, थेट त्याच्या पत्र्यावर, ब्रॅकेटवर नाही. दुसरं टोक इंजिन ब्लॉकवर जिथे बॅटरीची निगेटिव्ह केबल बसते त्याच बोल्टखाली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट करा, मग वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. आधी जेली लावून मग घट्ट करायचं नाही. इंजिन रबरी माउंटवर असेल तर फ्रेमचा अर्थ मानायचाच नाही, ब्लॉक म्हणजे अर्थ.

यानंतर पत्रा ते निगेटिव्ह खांब ०.१ च्या आत यायला हवं.

जुनं_लोखंड

वायर टाकली. पत्रा ते खांब ०.०४. बॅटरीवर १४.३, थंड असताना १४.५ होतं आणि तापल्यावर १४.३ ला स्थिर झालं. अँमीटरचा काटा मात्र डावीकडे, उणेच्या बाजूला ८ वर. १४.३ व्होल्ट असताना बॅटरी उतरेल कशी?

बारा_व्होल्ट

उतरत नाहीये. अँमीटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. ओळखण्याची सोपी रीत: इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. काटा उणेकडे गेला पाहिजे. अधिककडे गेला तर वायरी उलट्या. बॅटरीचा अर्थ काढूनच बदला, त्या स्टडला पाना लागून पत्र्याला टेकला तर पाना चिकटून बसतो.

सुरुवातीला ८-१० अँपिअर आणि पंधरा-वीस मिनिटांत १-२ वर उतरणं, हे निरोगी लक्षण. तासाभरानेही ८ वरच असेल तर बॅटरीचा एखादा सेल गेलेला असतो.

निफाडचा_वायरमन

धागा वाचून एक विचारायचं होतं. आमच्याकडे जुन्या ट्रॅक्टरवर लुकास-टीव्हीएसचे डायनामो अजून येतात, सेल्फ वेगळा. त्यावर टर्मिनल D (वीज बाहेर देणारं) आणि F. रेग्युलेटरला इकडे सगळे कट-आऊटच म्हणतात. त्यावरही F जनरेटरच्या बाजूला अर्थला टेकवून फुल चार्जिंग बघायचं का?

कार्बन_ब्रश

नाही, दादा, अजिबात नाही. बरं झालं आधी विचारलंत.

लुकासच्या डायनामोत फील्डचं एक टोक आत बॉडीला अर्थ असतं आणि F ला पॉझिटिव्ह लागतं. कट-आऊट D वरची वीज पॉइंटमधून F ला देतो. डेल्कोच्या बरोबर उलट. तिथे वायर जोडलेली असताना F अर्थला टेकवला तर D ची सगळी वीज कट-आऊटच्या पॉइंटमधून थेट अर्थला जाईल. पॉइंट जळतील.

लुकासची रीत: डायनामोवरच्या D आणि F दोन्ही वायरी काढा. D आणि F एका छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटर त्या जोडापासून बॉडीपर्यंत. इंजिन आयडलवरून हळूहळू वाढवा. व्होल्टेज भरभर चढून २० च्या आसपास गेलं की डायनामो चांगला, तिथेच थांबायचं, रेस करायचं नाही. अर्धा-एक व्होल्टच येत असेल तर फील्ड तुटलंय, तीन-चार व्होल्टला अडकलं तर बहुधा आर्मेचर किंवा कार्बन.

पोलराइजही वेगळं: F ची वायर डायनामोवरून काढून, बॅटरीच्या लाइव्ह टोकावरून आणलेली वायर डायनामोच्या F स्टडला दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखी टेकवायची.

निफाडचा_वायरमन

समजलं. हातात अनोळखी डायनामो आला आणि कागद नसला तर कुठला प्रकार आहे ते कसं ओळखायचं?

कार्बन_ब्रश

सगळ्या बाहेरच्या वायरी काढा. पट्टी उघडून इन्सुलेटेड कार्बन उचला आणि कार्बन व कम्युटेटरच्या मधे पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे आर्मेचर बाजूला झालं. आता मीटर F ते बॉडी. काही ओहम आले तर फील्ड आत अर्थ आहे, लुकासची जात. बॉडीशी काहीच नाही पण F ते A मध्ये काही ओहम, तर डेल्कोची जात. पुठ्ठा न घालता मोजलं तर आर्मेचरमधून दोन्हीकडे वाचन येतं आणि फसगत होते.

रेग्युलेटरही त्याच जातीचा लागतो. डेल्कोच्या यंत्रावर लुकास पद्धतीचा बसवला तर F लाही पॉझिटिव्ह आणि फील्डच्या दुसऱ्या टोकालाही पॉझिटिव्ह. मधे फरकच नाही, करंट नाही. सेल्फ दमणार, चार्जिंग शून्य, म्हणजे या धाग्याच्या पहिल्या प्रश्नातली हुबेहूब लक्षणं. नवीन रेग्युलेटर टाकल्यावर नव्याने ही तक्रार आली तर आधी जात तपासा.

पट्टा_पुली

वायरिंगचं सगळं आलंय, पट्ट्याचं कोणी बोललं नाही. हा पट्टा दोन्ही दिशांनी भार ओढतो. चार्जिंगला इंजिन जनरेटर फिरवतं, तेवढ्याला सैल पट्टाही पुरतो. सेल्फ मारताना छोटी पुली मोठ्या पुलीला कंप्रेशनविरुद्ध ढकलते, तेव्हा सैल पट्टा घसरतो. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने चांगला दाबला तर साधारण अर्धा इंच वाकावा. यापेक्षा ताणला तर जनरेटरची पुढची बेअरिंग लवकर जाते.

घसरतोय की अडतोय हे डोळ्याने ओळखता येतं. पुलीवर खडूची रेघ मारा. जनरेटरची पुली फिरते आणि फ्लायव्हीलकडची थांबते: पट्टा. दोन्ही थांबतात: वीज किंवा इंजिन.

आणि इंजिनाकडूनही एक. कोहलरच्या या मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टवर कंप्रेशन रिलीज असतो, कमी वेगाला तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. टॅपेटची फट जास्त झाली की तो उचलतच नाही आणि सगळा भार सेल्फवर येतो. तसंच इग्निशनच्या पॉइंटची फट ०.०२० इंचापेक्षा जास्त झाली की ठिणगी लवकर पडते आणि पिस्टन वर येतानाच धक्का मागे मारतो. सेल्फ फिरता फिरता एकदम उलटा झटका खातो तो यामुळे. त्यात वायरिंगचा दोष काही नाही.

जुनं_लोखंड

खडूची रेघ मारून बघितली, पट्टा घसरत नाही. पॉइंट ०.०२० लाच आहेत.

आता सोलेनॉइडबद्दल. बसवलेला चार टर्मिनलचा आहे, दोन जाड, दोन बारीक. दुसरं बारीक टर्मिनल मोकळं ठेवलंय. चालेल ना?

बारा_व्होल्ट

मोजून ठरवा, अंदाजाने अर्थ करू नका. दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात. बारीक ते बारीक काही ओहम येत असतील आणि बॉडीशी काहीच नसेल, तर सोलेनॉइडच्या कॉइलची दोन टोकं बाहेर आहेत. एक किल्लीच्या S ला (सेल्फचं टोक), दुसरं अर्थला. एक बारीक टर्मिनल बॉडीशी काही ओहम दाखवत असेल आणि दुसरं कशाशीच नाही, तर दुसरं म्हणजे सेल्फ मारताना जाड पट्टीला टेकून इग्निशन कॉइलला थेट १२ व्होल्ट देणारं टर्मिनल. ते अर्थ केलं तर सेल्फ मारताक्षणी बॅटरी शॉर्ट. तुमचं मोकळं असून सेल्फ चालतोय, त्यामुळे दुसराच प्रकार असणार. मोकळंच ठेवा, वर रबरी टोपी घाला. या इंजिनाच्या कॉइलला बाहेरचा रेझिस्टर नाही, त्यामुळे त्या टर्मिनलचं इथे काम नाही.

मात्र मग सोलेनॉइडचा अर्थही त्याच्या पत्र्यातून आहे. त्याच्या ब्रॅकेटलाही पावडर कोटिंग असेल तर तिथेही वायर टाका.

ठिणगी

जुना रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक बसवावा का? बाहेरून जुन्यासारखाच डबा, आत सर्किट.

कार्बन_ब्रश

बसवता येतो, पण विकत घेताना दोन गोष्टी विचारा. जात बरोबर आहे का, म्हणजे F ला अर्थ देणारा. आणि सेल्फ मारताना A वर ९-१० व्होल्टच असतात, तेव्हासुद्धा तो F ला पूर्ण अर्थ देतो का. काही सर्किटं डायनामोचं व्होल्टेज वर आल्यावरच जागी होतात. साध्या डायनामोला ते चालतं, इथे सेल्फ दमेल. शिवाय उलटी बॅटरी आणि BAT–GEN चा झटका त्याला सहन होईलच असं नाही.

या ट्रॅक्टरवर तापल्यावर १४.३ येतंय. काढायचं कारणच नाही.

जुना ठेवणार असाल तर वर्षातून एकदा कव्हर काढून बघा. व्होल्टेजच्या पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड दिसलं तर पॉइंटच्या चपट्या कानशीने दोन-तीन हात, मग स्पिरिट लावलेली सुती फीत मधून ओढून घ्या. एमरी पेपर नको, त्याचे कण रुततात आणि पॉइंट जळतो. कम्युटेटरलाही एमरी नको, बारीक काचपेपर. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या बरोबरीला आला असेल तर तो १/३२ इंच खाली खरवडा, नाहीतर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आला की बदला, नवीन कार्बन मोकळेपणाने वरखाली सरकतो ना ते बोटाने बघा.

पट्टा_पुली

कट-आऊटबद्दल एक इशारा राहिला. इंजिन बंद केल्यावर अँमीटर उणेकडे टोकाला जाऊन बसला आणि जनरेटर हुंकार द्यायला लागला, पट्टा ताणल्यासारखा दिसला, तर कट-आऊटचे पॉइंट चिकटलेत. बॅटरी GEN च्या वायरमधून जनरेटरला मोटरसारखी फिरवू बघतेय. किल्ली बंद केल्याने हे थांबत नाही, कारण हा रस्ता किल्लीतून जातच नाही. लगेच बॅटरीचा निगेटिव्ह काढा. मिनिटभरात १२ गेजची वायर मऊ होते, नंतर पेटते. म्हणून निगेटिव्हला पिळून काढायचा स्विच लावलेला बरा, पान्याची वाट बघायला नको.

जुनं_लोखंड

यावर फ्यूज टाकता येईल का? कुठे आणि किती अँपिअरचा?

बारा_व्होल्ट

टाका. अँमीटरची वायर जिथे किल्लीचा B आणि रेग्युलेटरचा BAT अशी दोन ठिकाणी फुटते, त्या फाट्याच्या पुढे फक्त BAT च्या फांदीत २० अँपिअरचा. फाट्याच्या अलीकडे टाकलात तर फ्यूज उडाल्यावर कॉइलही मरेल आणि इंजिन बंद पडेल. सेल्फचा करंट या वायरीतून जात नाही, म्हणून रोजच्या वापरात २० पुरेसा. कट-आऊट चिकटला तर थांबलेला जनरेटर त्याच्या कितीतरी पट ओढतो, फ्यूज लगेच उडेल.

फ्यूज उडाला असताना इंजिन चालू राहिलं तरी रेग्युलेटर GEN कडून मोजतो, त्यामुळे व्होल्टेज ताब्यात राहतं. चार्जिंग तेवढं थांबेल, ते अँमीटरवर दिसेलच.

जुनं_लोखंड

BAT च्या फांदीत २० चा फ्यूज टाकला. सोलेनॉइडच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर दिली, अँमीटरच्या वायरी सुलट केल्या. थंड इंजिन, एका किल्लीत सुरू. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.९, A वर १०.६. सुरू झाल्यावर काटा अधिककडे ९, अठरा मिनिटांनी २. हेडलाइट लावून मध्यम वेगाला बॅटरीवर १४.१. इंजिन बंद केल्यावर काटा बरोबर शून्यावर.

कार्बन_ब्रश

१०.१ चं १०.९ झालं ते बघा. आधी फील्डशिवाय आर्मेचर नुसता करंट पीत होतं, आता फील्ड मिळाल्यावर तोच सेल्फ कमी करंटमध्ये जास्त जोर देतोय.

एक शेवटचं करून ठेवा. जनरेटरचे A आणि F आणि रेग्युलेटरचे तिन्ही टोक, प्रत्येक वायरीला लगपाशी अक्षराची पट्टी चिकटवा. रेग्युलेटरकडून जनरेटरच्या A आणि F ला येणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर सेल्फ मारताक्षणी बॅटरीचा करंट F च्या वायरमधून रेग्युलेटरच्या पॉइंटवर जातो, आणि सहा गेजच्या केबलपुढे ते पॉइंट टिकत नाहीत.